गोठ्याची टपाल : पेंड परवडेना, प्रोटीन आणायचं कुठून?

या खेपेला टपालात दुसरं काही नाहीच म्हणा ना. सरकीचं पोतं महागलं, दुधाचा भाव आहे तिथेच, मग कुणी अझोला (पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती) लावतंय, कुणी घरचं सोयाबीन भरडतंय, कुणी बिअरच्या कारखान्याच्या गेटवर टेम्पो घेऊन उभं. म्हणून कास, गोचीड, लसीकरण असले सगळे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, आज फक्त प्रोटीन. पत्रातले भाव ज्याने त्याने आपल्या बाजारातले कळवलेत, तुमच्याकडे वेगळे असतील, तेव्हा आकडे तुमचे टाका, हिशोबाची रीत तेवढी घ्या.

प्रश्न : माझ्याकडे ६ एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाई आहेत, सरासरी १२ लिटर. एका गाईला रोज मुरघास २० किलो, कडबा ३ किलो आणि सरकी पेंड ४ किलो. सरकी आता ४० रुपये किलो पडतेय. वडील म्हणतात सरकी कमी केली की फॅट पडणार, दूध संकलनवाला म्हणतो सोया पेंड घाल. कुणाचं ऐकू? (एक वाचक, ता. संगमनेर)

उत्तर : दोघांचं अर्धं अर्धं ऐका. आधी एक काम करा, पोत्याचा भाव विसरा आणि पोत्यातल्या प्रोटीनचा भाव काढा. किलोचा भाव भागिले प्रोटीनचे टक्के, गुणिले शंभर, एवढंच गणित. सरकी पेंडीत (आपल्याकडची टरफलासकटची) प्रोटीन साधारण २२ टक्के, म्हणजे ४० रुपयांनी एक किलो प्रोटीन तुम्हाला १८० रुपयांच्या वर पडलं. सोया पेंड, म्हणजे तेल काढलेली डीओसी, तुमच्या पत्रात ४५ रुपये लिहिलीये, तिच्यात प्रोटीन ४५ टक्के, म्हणजे किलो प्रोटीन १०० रुपयाला. पोतं महाग दिसतं म्हणून आपण तिला हात लावत नाही आणि स्वस्त समजून सरकी घेतो, आणि खरं तर प्रोटीन जवळजवळ दुप्पट भावानं विकत घेत बसतो. मक्याचं डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला, वाळवलेला चोथा) तुमच्याकडे २४ ला मिळतंय म्हणता, त्यात २७ टक्के धरा, किलो प्रोटीन ९० च्या आत आलं.

आता गाईला लागतं किती ते बघू. चारशे-सव्वाचारशे किलोच्या गाईला नुसतं उभं राहायला दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे ८५ ते ९० ग्रॅम. १२ लिटरला झालं साधारण १४०० ग्रॅम. तुमच्या मुरघासातून पावणेपाचशे येतं (मक्याचा मुरघास दिसायला भारी असला तरी सुक्या भागात ७-८ टक्केच प्रोटीन असतं, हे लोक विसरतात, नुसता मुरघास वाढवला की दूध वाढेल म्हणून बसतात), कडब्यातून शंभरेक ग्रॅम, बाकीचं ८००-९०० पेंडीतून यायला हवं. ४ किलो सरकीतून ८८० येतंय, म्हणजे तुम्ही चुकत नाही आहात, फक्त महाग घेताय.

असं करून बघा. सरकी १ किलो, सोया पेंड पाऊण किलो, डीडीजीएस १ किलो, मक्याचा भरडा १ किलो. प्रोटीन येतं ९१७ ग्रॅम. मका २५ रुपये धरला तर खर्च होतो साधारण १२३ रुपये, आत्ता लागतात १६०. एका गाईमागे ३७, सहा गाईंचे रोज २२२, महिन्याला ६,६६० रुपये. मका कशाला वाढवला असं वाटेल, तर सरकीतून नुसतं प्रोटीन नव्हतं येत, ताकदही येत होती, ती कुठूनतरी भरून काढायलाच पाहिजे, नाहीतर गाय अंगावरची चरबी वितळवते आणि दूध उतरतं.

वडिलांच्या फॅटचं. त्यांचं पूर्ण चूक नाही. सरकी पेंडीत थोडं तेल राहतं आणि टरफलाचा धागा असतो, दोन्हीचा फॅटला हातभार लागतो, म्हणून एक किलो ठेवलीये. पण फॅट मुळात टिकतं ते कडबा आणि रवंथावर. कडबा ३ किलोच्या खाली जाऊ देऊ नका आणि तो पीठ होईस्तोवर बारीक कुट्टी करू नका. बदल एकदम नको, ८-१० दिवसांत हळूहळू, रोज थोडी सरकी कमी, थोडं दुसरं जास्त. पोटातल्या जिवाणूंना नवीन खाणं ओळखायला वेळ लागतो. आणि खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, ते बंद करून पैसे वाचवू नका, ती बचत पुढे डॉक्टरच्या बिलात निघते.

प्रश्न : डीडीजीएस म्हणजे नक्की काय? दुकानदार म्हणतो नवीन आलंय, सगळे घेतायत. वास आंबूस येतो, एका पोत्यातलं पिवळं आणि एकातलं कॉफीसारखं निघालं. गाईला दारू चढणार नाही ना? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : चढणार नाही, हसू नका मंडळी, हा प्रश्न मला चौथ्यांदा आलाय. मका किंवा तांदूळ भरडून, आंबवून त्यातला स्टार्च दारूत बदलतात, दारू काढून घेतात (ती आता पेट्रोलमध्ये जाते), खाली राहिलेला चोथा आणि पाणी वाळवून जे पोत्यात भरतात ते डीडीजीएस. आपल्याकडे ते एकाएकी एवढं दिसायला लागलं कारण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं आणि धान्यावरच्या डिस्टिलरींचा जोर वाढला. जितकं इथेनॉल तितका चोथा, आणि चोथा घेणार कोण तर तुमची आमची गाय आणि कोंबडी.

स्टार्च गेला की बाकीच्या गोष्टी साधारण तिप्पट घट्ट होतात. मक्यात ९ टक्के प्रोटीन, डीडीजीएसमध्ये २७ च्या आसपास, तांदळाच्यात तर ४० च्या पुढे. चांगली गोष्ट. पण ह्याच नियमानं वाईट गोष्टही तिप्पट होते, म्हणजे मूळ मका बुरशी लागलेला असेल तर त्यातलं अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) आंबवून मरत नाही, वाळवून मरत नाही, ते तिप्पट होऊन तुमच्या गव्हाणीत येतं. आणि गव्हाणीतलं अफलाटॉक्सिन एका दिवसात दुधात उतरतं, दूध उकळलं तरी जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, पशुखाद्यात २० मायक्रोग्रॅम. तेव्हा दुकानदाराकडे बिलाबरोबर त्या लॉटचा अफलाटॉक्सिनचा रिपोर्ट मागा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

रंगाचं विचारलंत ते बरं केलंत. सोनेरी पिवळं, भाजलेल्या धान्यासारखा किंचित आंबूस गोड वास, ते घ्या. कॉफीच्या रंगाचं, करपट वासाचं ते वाळवताना जळलेलं. जळलेलं प्रोटीन लॅबमध्ये मोजलं तर भरतं, पण गाईला पचत नाही, शेणात निघून जातं. १२-१५ लिटरच्या गाईला एक ते दीड किलोच्या वर जाऊ नका. आणि नुसत्या डीडीजीएसवर गाय काढायच्या भानगडीत कुणी पडू नये, मक्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं, थोडी सोया पेंड सोबत असली की भागतं.

प्रश्न : नमस्कार. मोबाइलवर बघून अझोलाचे ४ बेड केले, कागद, शेणकाला, सुपर फॉस्फेट सगळं वेळेवर घालते. रोज ४-५ किलो निघतो, ३ गाईंना वाटून घालते. चार महिने झाले, दूध काही वाढलं नाही आणि पेंडही कमी करता आली नाही, कमी केली की दूध उतरतं. माझं काय चुकतंय? (एक ताई, ता. माढा, जि. सोलापूर)

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये, तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. अझोल्यात २४-२५ टक्के प्रोटीन असतं हे खरं आहे, पण ते वाळवलेल्या अझोल्यात. ओल्या अझोल्यात शंभरातले ९४ भाग पाणीच. एका गाईच्या वाट्याला दीड किलो येतो, त्यात सुका भाग ९० ग्रॅम, त्यात प्रोटीन झालं २२ ग्रॅम. म्हणजे पन्नास ग्रॅम सोया पेंड, एक मूठ सुद्धा नाही, दोन-सव्वादोन रुपयांची. तीन गाईंचे मिळून दिवसाला सात रुपये आणि त्यासाठी तुम्ही रोज तासभर वाकून, चाळणी घेऊन, धुवून काढताय.

मला अझोल्याचा राग नाही हो. कोंबड्यांना घाला, शेळीला घाला, वासराला घाला, थोडक्यात काम होतं तिथे तो सोनं आहे. पण दहा-बारा लिटरच्या गाईची पेंड अझोल्यावर सुटेल असं जे कुणी सांगतं त्यानं एकदा तराजू घेऊन बसावं.

त्यापेक्षा तुमच्याकडे पाणी असेल (पत्रात कॅनॉलचं लिहिलंय) तर १० गुंठे लसूणघास टाका, ज्याला आपल्याकडे मेथीघास पण म्हणतात. राहुरीच्या विद्यापीठाचं आरएल ८८ वाण आहे, एकरी १० किलो बी पुरतं, म्हणजे तुम्हाला अडीच किलो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरा, पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, मग दर २५-३० दिवसांनी. नीट ठेवला तर गुंठ्याला वर्षाला ८००-९०० किलो हिरवा चारा निघतो, दहा गुंठ्याचा रोजचा साधारण २२-२४ किलो, म्हणजे गाईला ७-८ किलो. एका किलोत ३५-४० ग्रॅम प्रोटीन, आठ किलोत ३०० ग्रॅम, पाऊण किलोला थोडी कमी एवढी सोया पेंड वाचली. तीस रुपये एका गाईमागे, आणि अझोल्याचे दोन.

एकच सांभाळा, सकाळी दव पडलेला ताजा लसूणघास उपाशी गाईपुढे टाकायचा नाही, पोटफुगीनं तासाभरात गाय आडवी होते. आदल्या दिवशी कापून सुकवून, आधी कडबा खाऊ घालून मग द्या. पोटफुगीची फारच भीती वाटत असेल तर बांधाला दशरथ घास लावा, तोही शेंगवर्गीय, प्रोटीन चांगलं, पोट फुगत नाही, एकदा लावला की काही वर्षं बघायला नको.

प्रश्न : सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ आणि आमच्याकडे व्यापारी ४,२०० च्या वर बोलत नाही. विकण्यापेक्षा गाईला घातलं तर? कच्चंच भरडून घालू का? (एक वाचक, औसा)

उत्तर : घाला, पण कच्चं नको. ४२ रुपयांनी आणि ३७-३८ टक्के प्रोटीननी हिशोब केला तर किलो प्रोटीन ११२ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे सोया पेंडीपेक्षा थोडं महाग, पण आत १८-२० टक्के तेल फुकट आहे, ती ताकद वेगळी. घरचा माल, आणायचं भाडं नाही, भेसळ नाही. भाव ४,८०० च्या पुढे गेला तर मात्र विकून टाका आणि पेंड आणा, तिथे भावनेत अडकू नका.

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात. मोठ्या गाईचं पोट त्यातलं बरंचसं मारून टाकतं, पण वासराला कच्चं अजिबात नको. आणि कच्च्यात युरिएज नावाचं एक एन्झाइम असतं, ते युरियातून अमोनिया सोडतं. विकतच्या पशुखाद्यात एक टक्क्यापर्यंत युरिया चालतो, ते खाद्य आणि कच्चं सोयाबीन ओलं करून एकत्र भिजवलंत तर गोठ्यात डोळे चुरचुरतील आणि गाय तोंड लावणार नाही. मोठ्या कढईत मंद आचेवर दाणा तांबूस होईपर्यंत, शेंगदाण्यासारखा वास सुटेपर्यंत भाजा, काळा करू नका. गार झाल्यावर भरडा. भरडा चार-पाच दिवसांपुरताच करायचा, तेल असल्यानं खवट होतो.

दिवसाला गाईला एक किलो, फार तर दीड. जास्त घातलं की तेल जास्त होतं, चाऱ्याचा धागा पचवणारे जिवाणू दबतात, फॅट उलट पडतं. आणि मळणीचं भूस फेकू नका, जाळू तर नकाच, पेंडीची बरोबरी नाही त्याची पण गव्हाच्या काडापेक्षा ते बरंच बरं.

प्रश्न : भाऊ, आमच्याकडं धानाचं तणस भरपूर आहे, पण गाई त्यावर नुसत्या जगतात. एकानं सांगितलं का खाद्यात मूठभर युरिया टाक, दूध वाढते. गावात एकाची गाय तसं करून मेली. युरिया टाकावा का नाही? (एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : मूठभर, असा शब्द ज्यानं वापरला त्याच्याकडे पुन्हा सल्ला मागायला जाऊ नका. वाईट वाटलं वाचून.

युरिया स्वतः प्रोटीन नाही. गाईच्या मोठ्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात, ते युरियातला नायट्रोजन घेतात, चाऱ्यातली ताकद घेतात आणि त्यातून स्वतःचं अंग वाढवतात, म्हणजे प्रोटीनच, आणि मग तेच जिवाणू पुढच्या पोटात जाऊन गाईला पचतात. म्हणून एक किलो युरिया हिशोबात २ किलो ८७० ग्रॅम प्रोटीनच्या बरोबरीचा. इतकं स्वस्त प्रोटीन दुसरं नाही. पण जिवाणूंना जेवढं पेलतं त्याच्यापेक्षा जास्त युरिया एकदम गेला तर सगळा अमोनिया रक्तात, आणि अर्ध्या-पाऊण तासात गाय थरथरते, फेस येतो, पोट फुगतं, हंबरते आणि पडते. उपाशी जनावर असलं किंवा युरिया पाण्यात विरघळवून पाजला तर आणखी लवकर. अशा वेळी पहिला फोन डॉक्टरला, आणि ते येईस्तोवर घरातलं व्हिनेगर दोन-तीन लिटर तेवढ्याच थंड पाण्यात मिसळून हळूहळू पाजा, मान फार वर करू नका, ठसका लागून फुफ्फुसात गेलं तर दुसरंच संकट. गाय गिळत नसेल तर पाजूच नका.

तुमच्यासाठी खरा उपाय म्हणजे तणसावर प्रक्रिया. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा, खडा राहता कामा नये. ताडपत्रीवर तणसाचा थर, झारीनं पाणी शिंपडायचं, तुडवायचं, पुन्हा थर, असं करत ढीग रचायचा आणि वरून प्लास्टिकनं हवाबंद, कडेला माती दाबून, २१ दिवस उघडायचं नाही. अमोनिया आत कोंडतो, तणस मऊ पडतं, पिवळट तपकिरी होतं. तीन-चार टक्क्यांचं प्रोटीन सात-आठवर जातं आणि गाय खातेही जास्त. काढताना रोजचं लागेल तेवढंच काढा, तासभर मोकळ्या हवेत पसरून वास उडू द्या, मग घाला. पहिला आठवडा साध्या तणसात मिसळून. सहा महिन्यांखालच्या वासराला नाही, घोडा-गाढवाला नाही. सोबत थोडा मका किंवा गूळ असू द्या, जिवाणूंना ताकद लागते.

हे केलं म्हणून दूध दुप्पट होणार नाही. पण ५-६ लिटरच्या गाईची किलोभर पेंड सुटते, आणि भंडारा-गोंदियाकडे जिथे तणस फुकटात पडलेलं असतं तिथे हे सोडून लोक लांबून सरकी आणतात ह्याचं मला नवल वाटतं.

प्रश्न : कोकणात पेंड पोचेपर्यंत भाड्यानंच महाग होते. आमच्या कुंपणाला उंदीरमारी आणि परसात सुबाभूळ, शेवगा आहे. ही पानं चालतात का? सुबाभळीनं केस गळतात म्हणतात. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : काका, तुमच्या कुंपणालाच पेंडीचं दुकान लागलंय की. तिन्हींच्या पानात सुक्या भागावर २० ते २५ टक्के प्रोटीन आहे.

सुबाभळीत मिमोसिन असतं, त्यानं शेपटीचे केस गळतात, लाळ सुटते, गळ्याशी गाठ येते, हे खरं आहे. म्हणून हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर नको, एवढं पाळलं तर वर्षानुवर्षं घालता येते. जाता जाता, ह्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाऊन जनावरं आजारी पडायची आणि हवाई बेटांवर शेळ्या तीच खाऊन ठणठणीत. १९८० च्या दशकात रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं हवाईतल्या शेळीच्या पोटातला रस ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि ती जनावरं सुबाभूळ पचवायला लागली, कारण विष फोडणारा जिवाणू त्या रसात होता. पुढे त्या जिवाणूला जोन्सचंच नाव दिलं. आपल्याकडे सुबाभूळ गावोगाव नेली ती उरुळीकांचनच्या बायफ या संस्थेनं.

उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प, तिचा वास गाईला आवडत नाही, पहिल्या दिवशी तोंड फिरवते. कापून एक दिवस सुकवा, गवतात मिसळा, आठवड्यात सवय होते. पाव हिस्सा पुरे. बिया आणि साल मात्र जनावरापासून लांब. शेवगा तिघांत सगळ्यात बिनधोक, परसातल्या दोन झाडांनी काही होणार नाही, दाट लावून दर दीड-दोन महिन्यांनी कापत गेलात तरच गाईच्या पोटाला लागेल एवढा निघेल.

काही छोटे प्रश्न झटपट.

बिअरचा चोथा, ९ रुपये किलो पोच, घेऊ का? (छत्रपती संभाजीनगरजवळून). त्यात ७५-८० टक्के पाणी आहे. एका किलोत प्रोटीन निघतं ५५ ग्रॅम, म्हणजे किलो प्रोटीन १६० रुपयांच्या पुढे, जवळपास सरकीच्याच भावात. वाळूजच्या अगदी शेजारी असाल आणि ५ रुपयांत मिळत असेल तर घ्या, ५-६ किलो गाईला. उन्हाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरतो, हिरवं-काळं दिसलं की उकिरड्यावर, दया दाखवू नका. लांब राहत असाल तर तुम्ही पाण्याचं भाडं भरताय.

कोंबडीची विष्ठा वाळवून घालतात म्हणे? नको. नायट्रोजन असतो त्यात, पण मेलेल्या कोंबड्यांचे तुकडे, औषधांचे अंश आणि बोटुलिझमची (जीवघेण्या विषबाधेची) भीती, एका झटक्यात गोठा रिकामा होतो. मांस-हाडांचा चुरा तर दुभत्या जनावराला घालायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मनाईच आहे.

एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) ८.५ लागत नाही म्हणून पेंड वाढवली, तरी ८.२ वरच. कारण अडचण बहुतेक वेळा प्रोटीनची नसते, ताकदीची असते. एक किलो पेंड काढून एक किलो मका घाला, पंधरा दिवस बघा. आणि कासेची तपासणी करून घ्या, लपलेला स्तनदाह असला तरी एसएनएफ पडतो.

भुईमूग पेंड २ किलो, सोया १ किलो, वर लसूणघास १० किलो, आणि गाय चार वेळा उलटली (भरवूनही गाभ राहिली नाही). (फलटण). दादा, ८ लिटरच्या गाईला एवढं प्रोटीन? जास्तीचं प्रोटीन गाय साठवत नाही, मुतून टाकते, आणि टाकायच्या आधी रक्तात युरिया वाढून गर्भ रुजायला अडथळा होऊ शकतो. सोया बंद करा, भुईमूग अर्ध्यावर आणा, मका वाढवा, मग भरवा. बाकीची कारणं डॉक्टर तपासतील, पण आधी हे करा, ह्यात तर पैसे वाचतायत. आणि भुईमूग पेंड पावसाळ्यात साठवू नका. मी स्वतः एका जूनमध्ये स्वस्त मिळाली म्हणून दहा पोती भिंतीला टेकून लावली होती, ऑगस्टमध्ये मागची पाच उघडली तर आत पिवळी बुरशी. फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, एवढं साधं ज्ञान मी दुसऱ्यांना सांगत फिरायचो.

शेवटचा प्रश्न : आम्ही ११ जण मिळून सोया पेंडीची गाडी थेट मिलमधून आणायचं ठरवतोय. दुकानापेक्षा किलोला ४-५ रुपये वाचतात. फसवणूक होऊ नये म्हणून काय बघावं? (शेतकरी गट, ता. निलंगा)

उत्तर : मस्त, ह्या सगळ्या टपालातलं मला हे सर्वात आवडलं. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला सव्वासहानं गुणतात. म्हणून हलक्या पेंडीत कुणी युरिया मिसळला तर रिपोर्टवर ४५ टक्के झकास दिसतात. त्यामुळे रिपोर्ट मागताना प्रोटीनबरोबर युरिया, वाळू-माती आणि ओलावा तिन्ही मागा. तुमच्या जवळ उदगीरचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथल्या पशुपोषण विभागात नमुना तपासायचं विचारून घ्या.

आणि घरची एक युक्ती. वर औशाच्या पत्रात युरिएज सांगितलं ना, तेच इथे कामाला लावायचं. दोन काचेच्या बरण्या घ्या, दोन्हीत मूठभर पेंड आणि कोमट पाणी, एकीत चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ. झाकण लावून अर्धा तास ठेवा, मग उघडून हुंगा. पीठ घातलेल्या बरणीतून नाकात झिणझिण्या आणणारा अमोनिया आला आणि दुसरीतून नाही, तर पेंडीत युरिया आहे. पक्का पुरावा लॅबचाच, पण गाडी दारात उभी असताना लॅबला कोण थांबणार. वाळूसाठी पेंड ग्लासभर पाण्यात ढवळा आणि तळाला काय बसतं ते बोटानं चोळून बघा.

नमुना एकाच पोत्यातून घेऊ नका आणि समोरच्या रांगेतून तर नकोच, मागच्या, मधल्या, खालच्या अशा आठ-दहा पोत्यांतून मूठ मूठ काढून एकत्र करा. हे सगळं गाडी खाली करायच्या आधी, पैसे द्यायच्याही आधी. ड्रायव्हर घाई करेल, त्याला चहा पाजा.